शेपू ते बाळंतशेपा: परसातल्या एका वाफ्याच्या नोंदी

11 जुलै 2025

आजपासून ही वही. लेकीचा फोन आला, डॉक्टरांनी फेब्रुवारीची तारीख दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथे साताऱ्याला आमच्याकडे. फोन ठेवला तशी सासूबाईंनी यादी सांगायला घेतली. डिंक, अळीव, खारीक, ओवा, वावडिंग, बाळंतशेपा. शेवटच्या नावाशी थांबून म्हणाल्या, "आमच्या वेळी ह्या विकत नसत आणत. शेपूचा एक वाफा राखून ठेवायचा, आपोआप मिळायच्या."

मी लग्नापासून शेपू निवडते आहे, आणि कुणाचं बाळंतपण असलं की काष्टौषधीच्या दुकानातून बाळंतशेपांची पुडीही आणते. दोन्ही एकाच झाडाचं आहे, बाळंतशेपा म्हणजे शेपूचंच बी, हे कधी मनात जुळलंच नव्हतं. एक भाजीच्या पिशवीतून येणार, दुसरं पुडीतून.

तर या वर्षी दोन कामं धरली आहेत. 31 ऑगस्टला गौरी येतात, त्या दिवशीच्या नैवेद्याला शेपू-भाकरी असते, तो शेपू घरचा हवा. आणि फेब्रुवारीपर्यंत घरच्या बाळंतशेपा. मागच्या भिंतीलगत आठ फूट लांब, तीन फूट रुंद जागा आहे. ऊन सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत. माती काळी, चिकट.

13 जुलै

पहिली पेरणी. जमीन खणून दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळलं. बी बाजारातल्या पाकिटातलं, त्याला गुलाबी औषध लावलेलं होतं. असं बी हातमोजे घालून पेरायचं आणि उरलेलं स्वयंपाकघराच्या आसपासही ठेवायचं नाही. दिसायला ते थेट बाळंतशेपांसारखंच असतं, कुणी उचलून तोंडात टाकलं तर काय घ्या!

धणे पेरताना चपलेखाली रगडून दोन डाळिंब्या सुट्या कराव्या लागतात. शेपूचं तसं नाही, त्याची दोन अर्धुकं बहुधा वाळतानाच सुटी होतात. रेघा ओढून त्यात बी सोडलं, वर जेमतेम झाकेल इतकी माती. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. "रेघा कशाला? फोकायचा आणि मोकळं व्हायचं." पण पावसाळ्यात तण बेसुमार येतं, ओळीत असलं की खुरपता येतं.

20 जुलै

उगवलं! सातव्या दिवशी. जवळून बघितलं तर पहिली दोन पानं अगदी गवताच्या पात्यासारखी, लांबट, चिंचोळी, टोकाला बोथट. शेपूची ती मऊ पिसासारखी पानं नंतर येतात, मधल्या कोंबातून. हे आधी ठाऊक असतं तर आजचा घोळ झाला नसता. अंगणाच्या कामाला येणाऱ्या मावशींनी आपलेपणाने एक अख्खी ओळ "गवत माजलंय" म्हणून उपटून दिली. त्यांची काही चूक नाही. मी वाफ्याला खूणच लावली नव्हती. आता चारही कोपऱ्यांना काड्या रोवल्या आणि त्यांना रोपं दाखवून ठेवली.

26 जुलै

चार दिवस पाऊस थांबलेला नाही. आज सकाळी छत्री घेऊन गेले तर दोन ओळी आडव्या. रोप उचलून पाहिलं, वरचा भाग हिरवागार, पण मातीला टेकतो तिथे देठ पाण्यात भिजलेल्या दोऱ्यासारखा, तपकिरी आणि पिचलेला. ही मर. जमिनीतल्या बुरशीचं काम, आणि तिला आमंत्रण मीच दिलं. चिकट काळी माती, सपाट वाफा, वर दाट पेरणी. पाणी निघून जायला वाटच नव्हती.

फार वाईट वाटलं. गौरींना छत्तीस दिवस राहिले आहेत.

29 जुलै

दोन दिवस उघडीप मिळाली. तेवढ्यात तो वाफा मोडून गादीवाफा केला. वीतभर उंच, दोन्ही बाजूंनी चर. मातीत चार घमेली जाडी वाळू, दोन घमेली शेणखत आणि शेणखतात कालवलेली ट्रायकोडर्मा पावडर, म्हणजे मर आणणाऱ्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की सुटावा, तो वाफसा. तो येईपर्यंत हात लावला नाही. घाई असली तरी चिखलात बी टाकण्यात अर्थ नसतो, हे मागच्या पंधरवड्याने शिकवलं.

बी रात्रभर भिजवून, निथळून, विरळ पेरलं. वरून बांबूच्या कामट्यांवर जुनं प्लॅस्टिक ताणलं, बाजू उघड्या. पावसाचा मार चुकवायचा आहे, हवा नाही अडवायची.

हातात तेहतीस दिवस. भरलेली जुडी मिळणार नाही. पण नैवेद्याला कोवळी वीतभर पानं पुरतात.

4 ऑगस्ट

सहाव्या दिवशी उगवलं. एकही आडवं नाही.

14 ऑगस्ट

विरळणी. दोन बोटांवर एक रोप ठेवून बाकीची उपटली. वाटलं, उपटलेली दुसरीकडे लावावीत. चार लावून पाहिली, संध्याकाळपर्यंत चारही मलूल. शेपूचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं. ते दुखावलं की रोप सावरत नाही. म्हणूनच शेपूचं रोप तयार करून लावायच्या भानगडीत कुणी पडत नाही. जिथे पेरायचा, तिथेच वाढवायचा.

उपटलेल्यांची मुळं कापून काकडीच्या कोशिंबिरीत घातली. एवढ्याशा रोपाला एवढा वास!

31 ऑगस्ट

गौरी आल्या. सकाळी सातला दव असतानाच कापणी केली. उपटला नाही, जमिनीपासून चार बोटं वर कात्रीने कापला, म्हणजे खालून पुन्हा फुटेल. एकूण भरला साडेतीनशे ग्रॅम. मंडईत या आठवड्यात शेपूच्या जुडीला हात लावायची सोय नाही, एरवी दहाला मिळते ती आज तीस-चाळीसला.

भाजी सासूबाईंनीच केली. लिहून ठेवते, कारण त्यांच्या हातची मोजमापं कुठेच लिहिलेली नाहीत. मूठभर मूगडाळ अर्धा तास भिजवलेली. तेलात ठेचलेला लसूण, लाल होईपर्यंत, आणि चार हिरव्या मिरच्या. मग डाळ, पाण्याचा एक हबका, झाकण. डाळ बोटाने दबली, पण अजून आख्खी आहे, अशा वेळी चिरलेला शेपू आणि मीठ. मीठ नंतर घालायचं, कारण कढईभर शेपू बघता बघता ओंजळभर होतो आणि आधीच्या अंदाजाने घातलेलं मीठ खारट होतं. शेपू घातल्यावर पाच-सहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. त्याचा वास उडून जाणारा आहे. जितका शिजवाल तितका तो कढईतून निघून घरभर जातो आणि ताटात कमी येतो.

नैवेद्याला ज्वारीची भाकरी, शेपू, वर तूप. मुखवट्यांसमोर ते ताट ठेवलं तेव्हा माझे डोळे भरून आले. उद्या पुरणपोळी, सोळा भाज्या, सगळं होईलच. पण माहेरी आलेल्या लेकीला पहिल्या दिवशी साधी भाजी-भाकरी वाढायची, ही रीत मला पहिल्यांदाच इतकी जवळची वाटली.

लेकीला फोटो पाठवला. तिचं उत्तर, "शेपू? आई, मी आले की करू नकोस हां." लहानपणापासून तिला हा वास सोसत नाही. मी आग्रह केला नाही, करणारही नाही. शेपूचं कसं आहे, आवडतो त्याला फार आवडतो, नाही त्याला अजिबात नाही.

9 सप्टेंबर

कापलेल्या खोडांना पुन्हा फूट आली. आज ताकातला पातळ शेपू केला, बेसन लावून, दाणे घालून. शेजारच्या वहिनी मूळच्या बेळगावच्या. त्यांना वाटीभर दिला तर म्हणाल्या, त्यांच्याकडे याला सब्बसिगे म्हणतात आणि तांदळाच्या पिठात चिरून त्याच्या रोट्या थापतात. परवा करून दाखवणार आहेत. गुजरातीत सुवा, हिंदीत सोया. आपल्याकडे ग्राइप वॉटरच्या बाटलीवर जे सुव्याचं तेल लिहिलेलं असतं ते ह्याचंच, बियांचं. म्हणजे घरोघरी लहान मुलांच्या पोटात शेपू गेलेलाच आहे, नाव माहीत नसताना.

21 सप्टेंबर

फूट आता राठ झाली. मधला दांडा सरळ वर निघाला आणि टोकाला कळ्यांची मूठ दिसते. मनात आलं, ह्यालाच राखावं का? सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "पावसातल्या फुलाला बी धरत नाही, काळं पडतं." बियांचं पीक थंडीचं. हा वाफा आता मोकळा करते आणि दसऱ्यानंतर नव्याने पेरते.

24 सप्टेंबर

बियांसाठी बी निवडायचं आहे. मनात एक शंका होती. काष्टौषधीच्या दुकानातल्या बाळंतशेपा पेरल्या तर उगवतील का? दोन ओल्या फडक्यांत पन्नास-पन्नास दाणे गुंडाळले. एकात पाकिटातलं बी, दुसऱ्यात बाळंतशेपा. डब्यात घालून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवले. रोज पाण्याचा हबका.

4 ऑक्टोबर

दहा दिवस झाले. पाकिटातले 38 उगवले, बाळंतशेपांतले 19. खाण्यासाठी साठवलेला माल, किती जुना कोण जाणे, तरी एकोणीस! मोड आलेल्या बाळंतशेपा सासूबाईंच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिल्या. त्यांना हे ठाऊकच होतं, पण माझ्यासाठी आज ते डोळ्यांनी खरं झालं.

बियांचं पीक ह्या बाळंतशेपांचंच घेणार. औषध न लावलेलं बी, आणि घराण्यातल्या बायका खात आल्या तीच जात. निम्मं उगवेल असं धरून दुप्पट पेरायचं.

5 ऑक्टोबर

पेरणी. ह्या वेळी ओळींत हातभर अंतर. भाजीसाठी दाटी चालते, बियांसाठी झाडाला ऐसपैस जागा लागते. शेणखत एकच घमेलं. फार खत दिलं तर पाला माजतो आणि फूल लांबतं. ओळींच्या मध्ये उसाचं पाचट पसरलं, आमच्याकडे त्याला काय तोटा! ओल टिकते.

2 नोव्हेंबर

दोन झाडांत वीतभर अंतर ठेवून विरळणी. बावीस झाडं राखली. एका ओळीच्या टोकाला काडीने "बाळाचा वाफा" अशी पाटी लेकीच्या बाबांनी लावली आहे. पाणी आता तीन दिवसांनी, झारीने, बुंध्याशी.

16 नोव्हेंबर

पाला बघून मोह होतो, पण ह्या झाडांची पानं खुडायची नाहीत असं ठरवलं आहे. भाजीसाठी कुंडीत वेगळा शेपू पेरला.

7 डिसेंबर

पहिली छत्री उमलली. झाड कमरेच्या वर आलं आहे, खोड पोकळ, त्यावर पांढुरक्या-हिरव्या उभ्या रेघा. खोडाचा मेणासारखा थर बोटाने पुसला जातो.

आज अर्धा तास भिंग घेऊन वाफ्यात बसले. दांड्याच्या टोकावरच्या एकाच बिंदूतून काड्या फुटतात, छत्रीच्या तारांसारख्या. मोजल्या, 24. प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा तशीच पिटुकली छत्री, आणि तिच्यात वीस-बावीस फुलं. म्हणजे एका छत्रीत पाचशेच्या आसपास. संस्कृतातलं नाव शतपुष्पा, त्यातलं शत म्हणजे पुष्कळ. एक फूल बाजरीच्या दाण्याएवढं. पाच पिवळ्या पाकळ्या, प्रत्येकीचं टोक आत गुंडाळलेलं, जणू फुलाने मुठी आवळल्या आहेत. मध्ये पिवळी चकती, तिच्यावर रस चकाकतो. ह्या फुलांत पुंकेसर आधी पिकून गळतात, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणून फुलाला स्वतःचाच पराग सहसा उपयोगी पडत नाही, कुणीतरी दुसऱ्या फुलाचा आणून द्यावा लागतो.

आणणारे आलेच होते. अकराच्या उन्हात एका छत्रीवर दोन फुलोरी मधमाश्या, एक पट्ट्यापट्ट्यांची माशी जी हवेत जागच्या जागी थांबते, आणि कितीतरी मुंग्या. इतकं उथळ फूल की ज्याची सोंड तोकडी त्यालाही रस मिळतो. धणे, ओवा, जिरं, बडीशेप, गाजर, सगळं हेच कुळ. सगळ्यांच्या डोक्यावर हीच छत्री. आपला मसाल्याचा डबा निम्मा एका घराण्याचा आहे!

21 डिसेंबर

मावा. सहा झाडांच्या छत्र्यांखाली हिरवे ठिपके, चिकट. आधी धसका घेतला. निंबोळी अर्काची बाटली हातात घेतली आणि तेवढ्यात त्याच काडीवर काळ्या-नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी दिसणारी अळी दिसली. ही ढालकिड्याची अळी. ती मावाच खाते. त्या थांबणाऱ्या माशीच्या अळ्याही मावा खातात. फवारलं असतं तर ह्यांनाही लागलं असतं, आणि मधमाश्यांनाही. बाटली ठेवून दिली. फक्त दोन काड्या फारच भरल्या होत्या, त्या पाण्याच्या धारेने धुतल्या.

29 डिसेंबर

मावा जवळजवळ संपला. ढालकिडे मोजले, सतरा.

13 जानेवारी 2026

आज भोगी. हिरवी बी चावून पाहिली. पानाचा वास आणि बियांचा वास सारखा नाही. पान गारवा असलेलं, गवताळ. बी उष्ण, गोडसर, ओव्याकडे झुकणारी, जिभेला किंचित झिणझिणी. जिऱ्याशेजारी ठेवली तर जिऱ्याची बहीण वाटेल.

लेक आठवा महिना संपवून आली. वाफ्यात खुर्ची टाकून बसते. तिला बिया चघळायला मी दिल्या नाहीत. गरोदरपणात औषधी म्हणून असं काही द्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारायचं, हे आमच्यात ठरलेलं आहे. पान नाही आवडत, पण फुलांचा वास तिला आवडला. "हा तो शेपू वाटतच नाही," म्हणाली.

1 फेब्रुवारी

कापणीला सुरुवात. सगळं एकदम पिकत नाही. मधली मोठी छत्री आधी, बाजूच्या फांद्यांवरच्या नंतर. पूर्ण वाळेपर्यंत वाट पाहिली तर अर्धं बी मातीत, आणि हिरवी कापली तर बी पोचट. छत्रीतले बहुतेक दाणे तपकिरी झाले, कडेचे थोडे हिरवट राहिले, की वेळ झाली. पहाटे दवात कापायचं, दाणे ओलसर असतात तेव्हा झडत नाहीत. सासूबाईंच्या जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात छत्र्या उलट्या घालून, तोंड बांधून, माळ्यावर सावलीत टांगल्या. उन्हात नाही. उन्हात तेल उडतं आणि वास जातो.

14 फेब्रुवारी

तिसरी आणि शेवटची कापणी वाळली. अभ्रे हाताने चोळले, सुपात घेतले. पाखडायला सासूबाई बसल्या, वय ब्याऐंशी. त्यांच्या हातात सूप आलं की कोंडा बरोबर पुढे जातो आणि बी मागे राहतं. मला अजून ते साधलेलं नाही, माझ्या सुपातून दोन्ही सांडतं. उद्यापासून रोज थोडं शिकणार आहे.

वजन 185 ग्रॅम. बावीस झाडांचं. पंधरा ग्रॅम पुढच्या पेरणीसाठी कागदी पाकिटात, तारीख घालून. बाकी काचेच्या बरणीत. झाकण उघडलं की सगळं स्वयंपाकघर दरवळतं. दुकानातल्या पुडीतल्या उरलेल्या बाळंतशेपा शेजारी ठेवल्या, त्यांना नाक लावून शोधावा लागतो इतका वास उरला आहे.

19 फेब्रुवारी

मुलगी झाली! काल रात्री सव्वाअकराला. दोघी छान.

24 फेब्रुवारी

घरी आल्या. सासूबाईंच्या मनात बाळाला शेकशेगडी, बाळंतशेपा आणि ओव्याची धुरी होती. बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं, एवढ्याशा फुप्फुसांना कसलाच धूर नको. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात तर नको." त्यांना हे सोपं गेलं नाही, मला दिसत होतं. म्हणून त्यांनाच मुखवास करायला बसवलं, बाळंतिणीचा. तो द्यायला डॉक्टरांची हरकत नाही.

बाळंतशेपा पाऊण वाटी, तीळ पाऊण वाटी, ओवा दोन चमचे, बडीशेप अर्धी वाटी, सुकं खोबरं किसून अर्धी वाटी, सैंधव. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर. बाळंतशेपा आधी लिंबू-सैंधवाच्या पाण्यात कालवून अर्धा तास ठेवल्या, मग भाजल्या. कढईत त्या हलक्या फुलतात आणि तडतड थांबली की उतरवायच्या, नाहीतर कडवट होतात. खोबरं सगळ्यात शेवटी, गुलाबी रंगावर.

जेवण झाल्यावर लेकीला चमचाभर दिला. चावता चावता तिने विचारलं, "ह्यात ती हिरवी, वाळवल्यावर तपकिरी झालेली, आपली?" मी बरणी दाखवली. दुपारी पाहिलं तर डबीतला मुखवास निम्मा झाला होता.

1 मार्च

वाफ्यात खाली झडलेल्या बियांतून शेपू उगवला आहे, पाचटाच्या फटींतून, दोन-दोन गवतासारखी पानं. मावशी आज कामाला आल्या तेव्हा त्यांनीच मला हाक मारून दाखवला. उन्हाळा येतोय, फार दिवस टिकणार नाही, लवकर दांड्यावर जाईल. पण भाजीपुरता होईल. झारीने पाणी दिलं.